चौदा रिकामे चौकोन

हा-सेखोबे गावात मादिपुओने ज्याची जीभ उचलून पाहिली नाही, असा माणूस सापडणं कठीण होतं. टीबीची गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायलं म्हणजे ती पोटात गेली, असं मानणारी भोळी माणसं दरीतल्या दवाखान्यात बसतात. मादिपुओ वर गावात राहायची. तिला गोळी गालात दडवणारे ठाऊक होते, कुंपणापलीकडे थुंकणारे ठाऊक होते, आणि गोळी हळूच कोंबडीपुढे टाकणारे म्हातारे न्ताते मोखेथीही ठाऊक होते. ती कोंबडी पुढे बरीच वर्षं जगली, हे मोखेथी अजून कौतुकाने सांगतो. तेव्हा रोज सकाळी मादिपुओ खांद्यावरचं तपकिरी ब्लँकेट पिनेने अडकवून घरोघर जायची, दारात उभी राहायची आणि म्हणायची, "आ करा. जीभ वर. डावा गाल. आता उजवा. हं, गिळलंत, देवाने पाहिलं आणि मीही पाहिलं."

गावची आरोग्यसेविका म्हणून तिला वीस वर्षं झाली होती. लग्न होऊन आली तेव्हा सासरच्यांनी इथल्या रीतीप्रमाणे नाव आधी दिलं आणि मुलाची वाट नंतर पाहिली: मादिपुओ, म्हणजे दिपुओची आई; आणि दिपुओ म्हणजे बोलणं. दिपुओ तीन वर्षांनी जन्मली आणि आता राजधानीत, मासेरूला, जीन्स शिवायच्या कारखान्यात होती. नवरा सोन्याच्या खाणीत मोखेथीबरोबर कामाला होता. तो घरी परत आला तो मरायलाच. तेव्हा या डोंगरात एचआयव्हीवर गोळ्या नव्हत्या, होती ती फक्त कुजबुज. गोळ्या आल्या तेव्हा मादिपुओने सगळ्यांच्या आधी रक्त तपासून घेतलं, पॉझिटिव्ह निघाली, आणि त्या दिवसापासून रेडिओवर संध्याकाळच्या बातम्या लागल्या की तिची गोळी घशाखाली जायची. सोळा वर्षांत एक दिवस चुकला नाही. तिच्या रक्तात विषाणू आता मोजण्याइतकाही सापडत नाही, असा दवाखान्याचा कागद होता. तो ती लोकांना नातवाचा फोटो दाखवावा तसा दाखवायची.

आणि तिचं एक वाक्य होतं. "सहा महिने म्हणजे सहा महिने." टीबीचं औषध सहा महिन्यांचं. दुसऱ्या महिन्यात बरं वाटायला लागतं आणि लोक औषध सोडून मेंढ्यांची लोकर कापायला डोंगरावर पळतात, मग टीबी दुप्पट होऊन परत येतो. मोखेथी असाच पळाला होता. त्याला शोधायला दवाखान्याची जीप तीनदा वर आली होती, आणि तिन्ही वेळा पुढच्या सीटवर मादिपुओ बसलेली होती. दवाखान्याच्या भिंतीवर लाल शाईत एक यादी लावलेली असते, औषध अर्धवट सोडणाऱ्यांची. मोखेथीचं नाव तिच्यात दोनदा होतं. यादीतलं हस्ताक्षर मादिपुओचं.

अशा बाईच्या मानेत जुलै महिन्यात, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, गाठ आली.

हरभऱ्याएवढी होती तेव्हा तिने लक्ष दिलं नाही. अक्रोडाएवढी झाली तेव्हा शेजारी दुसरी आली. बाहेर पाण्याच्या पिंपावर बर्फ धरत होतं आणि तिचं ब्लँकेट सकाळी घामाने ओलंचिंब असायचं. ते ती गोठ्याच्या दगडी भिंतीवर वाळत घालायची. ताप यायचा, जायचा. स्कर्ट कमरेवर राहीना म्हणून पिन आली. कोणाला विचारायची तिला गरजच नव्हती. पॉझिटिव्ह माणूस, मानेत गाठ, ताप, घाम, वजन कमी: या चार गोष्टींचा अर्थ तिने वीस वर्षं लोकांना शिकवला होता. ती दरी उतरून दवाखान्यात गेली आणि सिस्टर पुसेलेत्सोसमोर बसून म्हणाली, "टीबी आहे. कार्ड काढा."

सिस्टर पुसेलेत्सो बिचारी एकटी, आणि बाहेर बाकावर चाळीस माणसं. तिच्या पाठीमागे भिंतीवर बाणांचा एक मोठा तक्ता होता. पॉझिटिव्ह माणसाला काहीही झालं तरी कुठल्या तरी चौकटीत बोट ठेवायचं आणि बाणामागून जायचं. सगळे बाण फिरून फिरून टीबीपाशी पोचत. बाण काढणाऱ्यांचाही दोष नव्हता. दहातल्या नऊ वेळा तो टीबीच असतो. दहाव्यासाठी तक्त्यावर जागा उरली नव्हती.

"थुंकीत काही सापडलं नाही, म्मे," यंत्राचा कागद पाहत सिस्टर म्हणाली. इथे मोठ्या बाईला म्मे म्हणायचं आणि मोठ्या माणसाला न्ताते, ओळख असो वा नसो.

"पॉझिटिव्ह माणसाच्या थुंकीत सापडत नाही, म्हणून काय तो नसतो? हे तुला मीच शिकवलं ना, नवी आलीस तेव्हा?"

"शिकवलंत."

"मग? गाठीतला टीबी थुंकीत कशाला येईल? लिही."

सिस्टरने लिहिलं. रोगी आपणच, वैद्य आपणच, आणि शाबासकी देणाऱ्याही आपणच. मादिपुओ खुशीत होती. फक्त एक अडचण निघाली. नियमाप्रमाणे आपल्या कार्डावर आपणच खूण करता येत नाही. रोज गोळी गिळताना पाहणारं दुसरं कोणीतरी हवं, ज्याला वाचता येतं, जो घरीच असतो, आणि ज्याला टीबी म्हणजे काय ते माहीत आहे. हा-सेखोबेमध्ये असा एकच माणूस होता.

न्ताते मोखेथीला ही बातमी कळली तेव्हा तो भिंतीला पाठ लावून उन्हात बसला होता. गवताची टोपी, राखाडी ब्लँकेट, खाणीतले जुने गमबूट. त्याने कार्ड हातात घेतलं, दोन्ही बाजू वाचल्या, आणि दातांपैकी जे उरले होते ते सगळे दाखवले.

दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवायच्या आत तो तिच्या दारात हजर.

"आ कर, म्मे."

"न्ताते, मी गिळली. तुमच्यासमोर गिळली."

"जीभ वर."

"मला शिकवताय?"

"डावा गाल. हां. आता उजवा. काय करणार, काही लोक कोंबडीला घालतात म्हणे."

करावे तसे भरावे. तिने उजवा गाल दाखवला. म्हाताऱ्याने शिसपेन्सिल थुंकीने ओली करून चौकोनात खूण केली, इतकी हळू की जणू गावचा मुखिया जमिनीच्या कागदावर सही करतोय. हे रोज चाललं. गावातल्या बायका त्या वेळी नेमक्या पाणी भरायला निघायच्या.

पहिल्या महिन्यात ताप उतरला. मादिपुओने चर्चमध्ये उभं राहून ते सांगितलं. गावात तेव्हा अकरा जण टीबीच्या गोळ्यांवर होते. त्या अकराही जणांकडे बोट करून ती म्हणाली, "पाहा माझ्याकडे, आणि पळायचा विचारही करू नका." त्यांनी पाहिलं. पुढचे तीन महिने ते पाहतच राहिले, आणि तीच तिची पंचाईत झाली.

कारण ताप परत आला. गाठी वाढल्या, मानेची एक बाजू मक्याच्या कणसासारखी झाली. मादिपुओने वर रुमाल बांधला. अंगाला खाज सुटली, साबण बदलला. वजन घटतच होतं, स्कर्टला दुसरी पिन आली. दोन महिने झाल्यावर थुंकी पुन्हा तपासली. पहिल्यांदाही काही सापडलं नव्हतं, आताही काही सापडलं नाही. सिस्टरने कार्डावर लिहिलं: सुधारणा. रक्त कमी निघालं, ते एचआयव्हीमुळे. भूक नाही, ते गोळ्यांमुळे. खाज, ती हवेमुळे. घेवडा जास्त खा, असा सल्ला मिळाला. गाठीला कोणी हात लावला नाही. रुमाल नीट बांधलेला होता.

मोखेथीने मात्र पाहिलं. रोज तोंड उघडायला लावणाऱ्याला मान दिसतेच.

"म्मे, मला दोनदा टीबी झाला," एक दिवस खूण करून झाल्यावर तो म्हणाला. "त्याला मी बायकोपेक्षा जास्त ओळखतो. दुसऱ्या महिन्यात मी बैलासारखा जेवत होतो. भांड्यात मक्याचा पापा उरत नव्हता, पोरांचा वाटाही मीच खायचो. तू दोन घास चिवडतेस. हा टीबी नाही."

"तुम्ही डॉक्टर कधीपासून झालात?"

"तू झालीस तेव्हापासून."

"सहा महिने म्हणजे सहा महिने, न्ताते."

"आणि चौथ्यात मेलीस तर? उरलेले दोन महिने कबरीत गिळशील?"

तिला मरायचं नव्हतं. नवऱ्याला मरताना तिने याच खोलीत पाहिलं होतं, त्याच्या बरगड्या मोजल्या होत्या, आणि हल्ली आंघोळ करताना तिला आपल्या दिसत होत्या. तिला भीती वाटत होती आणि ती कोणाला सांगता येत नव्हती.

"मी उद्या म्हणाले की या गोळ्यांनी मला गुण नाही," ती शेवटी म्हणाली, "तर परवा गावात एक माणूस गोळी घेणार नाही. अकरा जण आहेत. त्यांतले दहा तरी मरतील. त्यांचा टीबी खरा आहे."

"म्हणजे तुझा खोटा आहे, हे तुला माहीत आहे."

"मी असं म्हटलं नाही."

"नाहीच म्हटलंस. नावाप्रमाणे एवढं बोलतेस, आणि नेमकं तेच बोलत नाहीस."

पुढे तिला दरी उतरून जाणं होईना. दर पंधरवड्याला गोळ्या आणायला मोखेथीच जाऊ लागला, टेकत, खोकत, दर वळणावर बसत. प्रत्येक वेळी तो सिस्टरला सांगे: बाई वाळत चालली आहे, गाठी वाढतायत, कोणीतरी वर येऊन पाहा. सिस्टर कार्ड उघडून पाही. सगळे चौकोन भरलेले, एकही सुटलेला नाही. असा गुणी रोगी तालुक्यात नव्हता.

"न्ताते, औषध अगदी व्यवस्थित चाललंय," ती म्हणे. "थोडा धीर धरा. म्मे मादिपुओच सांगतात ना, सहा महिने म्हणजे सहा महिने."

तीनदा त्याने हे ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा वर येताना तो एका वळणावर बसला आणि जीपचा विचार करू लागला. तो नियमाने औषध घेत होता तेव्हा त्याची चौकशी करायला कधी कोणी आलं नव्हतं. तो पळाला तेव्हा मात्र सरकारी जीप, सरकारी डिझेल, सरकारी माणसं, सगळं डोंगर चढून आलं होतं. एकदा तर डॉक्टरही. मुकाट्याने मरणाऱ्या शहाण्या माणसाला दवाखाना विचारत नाही. त्याला ओढ लागते ती पळपुट्यांची. हे ज्ञान गावात त्याच्याइतकं कोणालाच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने खूण करणं बंद केलं. बाकी सगळं तसंच. पहाटे हजर, आ कर, जीभ वर, डावा गाल, उजवा. मादिपुओ चारही गोळ्या गिळत होती. म्हातारा पेन्सिल ओली करी, कार्डावर वाके, आणि पेन्सिल कागदावर न टेकवता खिशात ठेवी. वीस वर्षं दुसऱ्याच्या गालात डोकावलेल्या बाईने आपल्या कार्डात एकदाही डोकावून पाहिलं नाही. पंधरा दिवसांनी त्याने ते कार्ड गोळ्यांच्या खिडकीत ठेवलं आणि एक शब्द न बोलता परत आला. चौदा चौकोन कोरे होते.

तिसऱ्या दिवशी जीप आली.

पुढे ड्रायव्हर आणि कपाळाला आठ्या घातलेली सिस्टर पुसेलेत्सो. मागे डॉक्टर इलुंगा, काँगोतून आलेला, मासेरूच्या इस्पितळातून आठवड्यातून एकदा या दवाखान्यात येणारा. तो गुरुवार होता, म्हणून तो सापडला. कुत्री भुंकली, पाणी भरायला गेलेल्या बायका परत आल्या, अकराच्या अकरा जण कुंपणाशी जमले.

"म्मे, तुम्ही!" सिस्टर दारातच ओरडली. "जगाने औषध सोडलं असतं तर मी समजले असते. पण तुम्ही? चौदा दिवस?"

मादिपुओ खाटेवर उठून बसली. इतका मोठा अपमान तिचा आयुष्यात झाला नव्हता. "एक दिवस सोडला नाही! विचार त्यांना! न्ताते, सांगा!"

"नाही सोडला," मोखेथी म्हणाला. "रोज गिळली. मी गाल तपासले. खोटं मी लिहिलं."

"खोटं? का?"

"खरं तीनदा सांगितलं ना तुला, खिडकीत उभं राहून. तू कार्ड वाचत होतीस. मग म्हटलं, कार्डातच सांगावं."

सिस्टरचे डोळे भरून आले, आणि मग ती खाटेशी बसून मादिपुओच्या रुमालाची गाठ सोडू लागली.

डॉक्टर इलुंगाची सेसोथो भाषा पुस्तकातली, पण हात चांगले होते. मान, काखा, पोटाची डावी बाजू. बराच वेळ तो तिथेच दाबत राहिला. कुंपणाशी कोणी खोकलंसुद्धा नाही, आणि त्या गर्दीत ही मोठीच गोष्ट होती.

"ही गाठ आपण कापू या," तो म्हणाला. "कापून आत पाहिल्याशिवाय तिचं नाव घेऊ नये. ते पहिल्या महिन्यातच करायला हवं होतं."

गाठ मासेरूला कापली. दिपुओने कारखान्यातून रजा मागितली, मिळाली नाही, तरी ती आली. गाठीचा तुकडा सीमेपलीकडे तपासायला गेला आणि माणसाला व्हिसा मिळायला लागतो त्यापेक्षा जास्त दिवस लावून परत आला. हॉजकिन. रक्ताच्या कॅन्सरातला एक, गाठींमधून वाढणारा. हाडांच्या मगजापर्यंत पोचलेला.

"पण माझा एचआयव्ही झोपलेला आहे," मादिपुओ म्हणाली. तिने तो कागद बरोबर आणला होता. तिने तो उलगडून डॉक्टर इलुंगापुढे ठेवला. "सोळा वर्षं. एक दिवस चुकला नाही."

"म्हणूनच तुम्ही इथे बसून माझ्याशी बोलताय, म्मे. तो कागद जपून ठेवा." डॉक्टर शब्द शोधत बोलत होता. "विषाणू झोपला तरी त्याने आधी केलेली पडझड राहते. ज्यांना एचआयव्ही नाही, त्यांच्यात हा आजार बरेचदा मानेतच रेंगाळतो, वेळ देतो. तुमच्यासारख्यांत बहुतेक वेळा तो पसरूनच समोर येतो, ताप, घाम, अशक्तपणा घेऊन, टीबीचं ब्लँकेट पांघरून. मग रक्त कमी झालं, आम्ही एचआयव्हीवर आळ घेतो. ताप आला, टीबीवर. उलटी झाली, गोळ्यांवर. सगळ्यांना शिक्षा होते आणि खरा चोर घरात जेवत बसतो."

"आळ मीच घेतला," ती म्हणाली. "सिस्टरने नाही. मी तिला लिहायला लावलं."

डॉक्टरने कागदाची घडी करून तो तिच्या हातात दिला.

"औषध आहे?"

"आहे. दर पंधरा दिवसांनी सीमेपलीकडे ब्लुमफॉन्टेनला जायचं. केस जातील. एचआयव्हीची गोळी रोजच्यासारखी. उशीर झालाय हे खरं, पण हातातून गेलेलं नाही."

"किती दिवस?"

"सहा महिने."

दाराशी उभा असलेला मोखेथी इतक्या जोरात हसला की त्याला खोकल्याची उबळ आली आणि नर्सने येऊन त्याला बाहेर बसवलं. तो मासेरूपर्यंत कशाला आला होता, हे कोणी विचारलं नव्हतं. रोज गोळ्या पाहणारा माणूस म्हणून कागदावर त्याचं नाव होतं, आणि नियम म्हणजे नियम.

ते सहा महिने कसे गेले ते मादिपुओ सांगत नाही. एवढी बोलकी बाई, पण त्यातलं फक्त बसचं सांगते, ओकायला दोन पिशव्या लागायच्या आणि ड्रायव्हर एकच द्यायचा. दिपुओची कारखान्यातली जागा दुसऱ्या मुलीला गेली. आठव्या फेरीनंतर मादिपुओ पुन्हा जेवू लागली. मोखेथी समोर बसून घास मोजत असे आणि म्हणे, आता कुठे बैल दिसायला लागला. बाराव्या फेरीनंतर तपासणीत कुठेच काही सापडलं नाही, तेव्हा ती ते चर्चमध्ये सांगायला उभी राहिली नाही. एकदा सांगून झालं होतं.

अकरांपैकी नऊ जणांनी आपले सहा महिने पुरे केले. दोघं पळाले, तिच्या आजाराचं निमित्त सांगून. त्यांतला एक मेला. या गोष्टीचा सल तिला आहे, आणि तो कोणी काढून टाकू शकत नाही.

केस बोटभर उगवले तेव्हा ती टोपी घालून, काठी घेऊन, स्वतःच्या पायांनी दरी उतरली. बाकावर चाळीस माणसं होती. भिंतीवर बाणांचा तोच तक्ता होता. फक्त खाली कोपऱ्यात, छापील बाण संपले होते तिथे, सिस्टर पुसेलेत्सोने पेनने एक वाकडा चौकोन काढला होता: दोन महिने झाले, गाठ तशीच? रुमाल सोडा, डॉक्टरला दाखवा. शेजारी लाल शाईची यादी. तिच्यात, मोखेथीच्या दोन नावांखाली, सिस्टरच्या घाईच्या अक्षरात तिचं नाव होतं. औषध अर्धवट सोडलं, चौदा दिवस.

सिस्टर लाजली. "अय्या, ते राहूनच गेलं, म्मे. थांबा, खोडते मी. तुमचं नाव तिथे कसं शोभेल?"

"हात लावू नकोस," मादिपुओ म्हणाली. "याच्या आधी चार महिने माझं नाव चांगल्या रोग्यांत होतं. तेव्हा मी मरत होते आणि तुम्ही कोणी आला नाहीत. मीसुद्धा आले नसते."

तिने सिस्टरच्या टेबलावरून लाल पेन घेतलं, मोखेथीच्या दोन्ही नावांपुढे, आपल्या जुन्या गोल अक्षरात, 'न्ताते' असं लिहिलं, आणि बाहेर जाऊन रांगेत बसली.